थकलेल्या राखणदाराचे देणे

कणकुंबी, जांबोटी, चोर्ला या घाटमाथ्याच्या पट्ट्यात कुत्रा हा केवळ हौसेचा प्राणी म्हणून क्वचितच पाळला गेला. मलप्रभेच्या उगमाभोवतीची ही गावे जंगलाला लागून आहेत. भात पोटरीला आले की रानडुकरे आणि गवे शेतात उतरतात. गोठ्यातल्या वासरावर बिबट्याची नजर असते. अशा ठिकाणी माळ्यावर राखण करणाऱ्या शेतकऱ्याला वेळीच सावध करणारा कुत्रा हा घरच्या कामकऱ्यांपैकीच एक असतो. त्याला वेतन नसते आणि रजाही नसते. दहा-बारा पावसाळे तो हे काम बिनबोभाट करतो. मग एके वर्षी त्याला कमी ऐकू येऊ लागते, डोळ्यांत पांढरेपणा दिसू लागतो, ओसरीची पायरी चढताना मागचे पाय ओढले जातात. घरातली माणसे म्हणतात, "आता ह्याचं वय झालं." या वाक्यानंतर त्या प्राण्याचे काय होते आणि काय व्हायला हवे, याविषयी काही विचार येथे मांडावयाचे आहेत.

माणसांच्या डॉक्टरांच्या स्मरणिकेत कुत्र्यावर लेख कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या दवाखान्यातच सापडते. ग्रामीण भागात पशुवैद्य लांब असतो आणि माणसांचा डॉक्टर त्या मानाने जवळ. रक्तदाब तपासून घेतल्यावर रुग्ण दाराशी थबकतो आणि संकोचाने विचारतो, "डॉक्टर, आमच्या कुत्र्याला एखादी दुखण्याची गोळी देता काय?" शहरात हाच प्रश्न दूरध्वनीवरून येतो. म्हणजे आपण मागितले नसतानाही हा विषय आपल्याकडे आलेला आहे. त्याला आपण काय उत्तर देतो यावर एका मुक्या जिवाचे शेवटचे वर्ष कसे जाईल हे पुष्कळदा ठरते.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या वाट्याला सामान्यतः दोनपैकी एक गत येते. पहिली उपेक्षेची. तो अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहतो, भाकरीचा तुकडा समोर टाकला जातो, तो चावता येतो की नाही हे कोणी पाहत नाही. याच उपेक्षेचे टोक म्हणजे त्याला गाडीत घालून दूर नेऊन सोडणे. "जंगलात काहीतरी मिळेल खायला," अशी मनाची समजूत घातली जाते. वस्तुतः जन्मभर माणसाच्या हातून खाल्लेला, दृष्टी अधू झालेला कुत्रा रानात शिकार करू शकत नाही. तोच शिकार होतो. घाटातल्या बिबट्याच्या आहारात कुत्र्याचा वाटा असतो हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय लस न टोचलेला कुत्रा जंगलात गेला की डिस्टेंपरसारखे रोग वन्य प्राण्यांपर्यंत पोचण्याची भीती असते. २०१८ मध्ये गीरच्या अरण्यात सिंहांचे जे मृत्यू झाले त्यांत या विषाणूचा हात असल्याचे आढळले होते. भीमगड अभयारण्य आपल्या शेजारी आहे आणि तेथे रानकुत्रे आहेत. म्हणून ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

दूर सोडून देणे हा कायद्याने गुन्हाही आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ नुसार, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे ही क्रूरता होय. मालकाने पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हीसुद्धा क्रूरताच. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी या कायद्यात सांगितलेला दंड आहे दहा ते पन्नास रुपये! १९६० साली या रकमेला काही वजन असेल. आज ती चहा-नाश्त्याची रक्कम झाली आहे. तेव्हा कायद्याच्या धाकाने हा प्रश्न सुटेल अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. तो घराघरांतल्या जाणिवेनेच सुटू शकेल.

दुसरी गत अतिप्रेमाची, आणि ती प्रामुख्याने शहरांत दिसते. मूत्रपिंडे निकामी झालेली, जागेवरून उठता येत नाही, अन्नावरची वासना गेलेली. तरीही सलाइनवर सलाइन, एका शहरातून दुसऱ्या शहरात प्रवास, नव्या तपासण्या. "आम्ही काही कमी केले नाही" हे समाधान शेवटी मालकाच्या पदरात पडते आणि त्याची किंमत कुत्रा मोजतो. पहिल्या प्रकारात आपण त्याच्याकडे पाहत नाही, दुसऱ्यात आपण त्याच्याऐवजी स्वतःच्या दुःखाकडे पाहत असतो. दोन्हीकडे त्या प्राण्याची बाजू घेणारे कोणी नसते. वृद्ध कुत्र्याला सर्वाधिक गरज असते ती आपली बाजू घेणाऱ्या एका माणसाची, असे माझे मत आहे.

बाजू घ्यायची तर प्रथम "वय झालं" हे निदान नव्हे, हे मान्य करावे लागेल. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब सर्वांच्या तोंडी आहे. तो बरोबर नाही. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०२० मध्ये लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरील रासायनिक खुणांचा अभ्यास करून दाखवले की कुत्रा आरंभी फार वेगाने प्रौढ होतो आणि पुढे हा वेग मंदावतो. त्यांच्या सूत्राप्रमाणे एक वर्षाचा कुत्रा सुमारे ३१ वर्षांच्या माणसाशी, चार वर्षांचा ५३ शी आणि बारा वर्षांचा सत्तरीच्या माणसाशी तुलनीय ठरतो. मोठ्या चणीच्या जाती लहान चणीच्या जातींपेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात, हेही सर्वमान्य आहे. म्हणजे सात-आठ वर्षांच्या वयापासून वर्षातून किमान एकदा, आणि पुढे सहा महिन्यांनी, पशुवैद्याकडून तपासणी होणे इष्ट.

या तपासणीत जे सापडते त्यातील पुष्कळसे आपल्या परिचयाचे असते. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या यांमुळे कुत्रा खात नाही, आणि घरचे समजतात की त्याने अन्न सोडले. सांध्यांची झीज झालेली असते, म्हणून तो उठत नाही; घरचे समजतात की तो आळशी झाला. थायरॉइडची कमतरता, मधुमेह, हृदयाच्या झडपेचा विकार, मोतीबिंदू हे सारे त्यालाही होते आणि यांतील बहुतेक विकारांवर उपचार वा निदान आराम शक्य असतो. नसबंदी न झालेल्या वयस्क मादीला फार तहान लागू लागली, ती मलूल दिसू लागली, तर गर्भाशयात पू साठलेला असू शकतो. ही तातडीची अवस्था आहे. स्राव बाहेर येत नसला तर धोका अधिकच.

मेंदूच्या वार्धक्याचेही तसेच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत ११ ते १२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांमध्ये बौद्धिक ऱ्हासाचे किमान एक लक्षण आढळले होते. दिशा चुकणे, रात्री जागून उगाच भुंकणे, घरात लघवी करणे, ओळखीच्या माणसाला न ओळखणे ही ती लक्षणे. रात्री विनाकारण भुंकतो म्हणून काठी खाणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला शिक्षा मिळत असते ती आजाराची. आपल्या घरात स्मृतिभ्रंश झालेले आजोबा रात्री उठून दार उघडू लागले तर आपण त्यांना मारतो काय?

घाटमाथ्यावरील चार महिन्यांच्या पावसाचा येथे वेगळा विचार करावा लागतो. शेणाने सारवलेली जमीन जाऊन सिमेंटची व फरशीची ओसरी आली आणि म्हाताऱ्या कुत्र्याची थंडी वाढली. दोन कोरडी पोती, त्याखाली लाकडी फळी, आणि रोज एकदा कूस पालटून देणे याला पैसा लागत नाही; पण त्याने सांध्यांचे दुखणे आणि अंगावरच्या जखमा दोन्ही कमी होतात. दमलेल्या कुत्र्याला स्वतःचे अंग साफ ठेवता येत नाही, म्हणून त्याच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड साठतात आणि त्यांच्यामुळे होणारे ताप त्याचे रक्त आटवतात. गोचिडींकडे लक्ष देणे हे माणसाच्या हिताचेही आहे. घाटाखालच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण आढळले, हे आपण विसरलेलो नाही. तो रोग मुख्यतः जंगलातल्या गोचिडींमुळे होतो. तरीही रानात हिंडून येणाऱ्या कुत्र्याच्या अंगावरून गोचीड ओसरीवर येऊ देणे शहाणपणाचे नव्हे. रेबीजची लससुद्धा "आता किती दिवसांचा सोबती" म्हणून चुकवू नये.

आता आपल्या व्यवसायबंधूंना एक स्पष्ट विनंती. आपल्या टेबलावरची वेदनाशामक गोळी कुत्र्यासाठी देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना फार लवकर इजा करतात. आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या मात्रेनेही त्याला जठरव्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलची सुरक्षित मर्यादाही त्याच्यासाठी वेगळी आहे, आणि मांजराला तर ती गोळी प्राणघातक ठरते. कुत्र्यासाठी उपयोगात आणली जाणारी वेगळी औषधे आहेत आणि त्यांची मात्रा वजनाप्रमाणे पशुवैद्यच ठरवू शकतो. एका प्राण्याला मानवणारे औषध दुसऱ्याला मारते, याचा मोठा धडा आपल्या देशाने घेतलेला आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मरतात हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. तोवर गिधाडांचे आकाश जवळजवळ रिकामे झाले होते. रुग्णाने कुत्र्यासाठी गोळी मागितली तर आपण त्याला पशुवैद्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावा. ती चिठ्ठी गोळीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

म्हातारपणाची जबाबदारी घेणे शक्य आहे याची उदाहरणे सार्वजनिक जीवनात आहेत. मुंबई पोलिसांचा 'झंजीर' हा लॅब्रॅडॉर कुत्रा १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात सर्वांना माहीत झाला. त्याच्या नाकाच्या बळावर ३,३२९ किलो आरडीएक्स, सहाशे डिटोनेटर व शेकडो हातबॉम्ब पकडले गेल्याची नोंद आहे. हाडांच्या कर्करोगाने तो १६ नोव्हेंबर २००० रोजी गेला, तेव्हा वयाची नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याला शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर व सीझर हे चार श्वान निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरात सांभाळले गेले आणि २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक गेले. लष्करात सेवेस निरुपयोगी ठरलेल्या श्वानांना मृत्यू देण्याची प्रथा होती. २०१५ च्या सुमारास तिच्यावर न्यायालयात व समाजात चर्चा झाली आणि त्यानंतर त्यांना सांभाळण्याचे व दत्तक देण्याचे धोरण आले. शासनासारखी अवाढव्य यंत्रणा आपल्या निवृत्त चाकराची सोय लावू शकते, तर चार खणांच्या घराला ते का जमू नये? मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेल्या शिकारी कुत्र्याचा आपल्या भागाला सार्थ अभिमान आहे. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीटही निघाले. अभिमान वाटतो तो धावणाऱ्या कुत्र्याचा. धाव संपल्यावरही तो त्याच वंशाचा असतो, एवढेच लक्षात ठेवायचे.

सर्वांत अवघड प्रश्न अखेरच्या निर्णयाचा. उपचारांनी आराम पडेनासा झाला, वेदना आटोक्यात येईना, तर त्याला शांतपणे जाऊ द्यावे काय? याबाबत आपल्या समाजात मोठा संकोच आहे आणि त्याची मुळे खोल आहेत. स्वर्गाच्या दाराशी आलेला युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला टाकून आत जायला तयार झाला नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. (म्हाताऱ्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाचा विचार करता आजचा पशुवैद्य त्या तुपाला हरकत घेईल, हा भाग निराळा!) दत्तगुरूंच्या पायांशी चार कुत्रे आहेत आणि खंडोबाच्या सोबतीलाही कुत्रा आहे. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला "सुई देऊन टाका" हे शब्द उच्चारणेही पाप वाटते. ही भावना चेष्टेची नाही. परंतु या कथांचा गाभा न टाकणे हा आहे. तडफडणाऱ्या जिवाला "आपोआप जाईल" म्हणून आठवडाभर तसेच ठेवणे हेही एक प्रकारचे टाकणेच आहे.

निर्णय भावनेच्या भरात होऊ नये म्हणून मोजमापाची मदत घेता येते. अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ अॅलिस विलालोबोस यांनी २००४ मध्ये एक सोपी गुणपद्धती मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत काय, या सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे सुसह्य मानावे. याहूनही साधा उपाय म्हणजे दिनदर्शिकेवर खूण करणे. चांगल्या दिवसाला एक खूण, वाईट दिवसाला दुसरी. महिन्याच्या शेवटी ते पान मनाला फसवू देत नाही.

माणसाच्या बाबतीत आपल्या कायद्याची वाट वेगळी आहे. अरुणा शानबाग प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी आणि पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ जीव धरून ठेवणारे उपचार थांबवण्यास अटींसह मान्यता दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक शासनाने त्याच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. औषध देऊन मृत्यू आणणे माणसाच्या बाबतीत आजही निषिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. कारण माणसाला स्वतःची इच्छा सांगता येते आणि दुर्बलाच्या इच्छेचा गैरवापर होऊ शकतो. कुत्र्याला आपली इच्छा शब्दांत सांगता येत नाही. उपचाराला त्याची संमती नसते आणि थांबण्यालाही नसते. दोन्ही संमत्या आपणच त्याच्या वतीने देत असतो. हे ओझे टाळता येत नाही. पशुवैद्याने प्रथम गुंगी आणून शिरेतून भुलीचे औषध अधिक मात्रेत दिले तर मृत्यू वेदनारहित येतो. विष घालणे किंवा अन्य निर्दय मार्ग हे पापही आहे आणि याच १९६० च्या कायद्याने गुन्हाही. मात्र केवळ म्हातारपणाचा कंटाळा, घराला लागणारी घाण किंवा परगावी जाण्याची अडचण ही कारणे घेऊन कोणी दयामरण मागितले तर पशुवैद्याने नकार द्यावा आणि आपण त्याच्या पाठीशी उभे राहावे.

त्या वेळी घरातल्या माणसाने जवळ असावे. त्याचा हात ओळखीचा असतो. मुलांना "तो गावाला गेला" असे सांगू नये. भुलीच्या औषधाचा अंश मृतदेहात राहतो आणि तो खाणारा कोल्हा किंवा पक्षी दगावू शकतो, म्हणून खड्डा खोल घ्यावा. आपल्या भागात तो ओढ्या-झऱ्यांपासून दूर असावा. मलप्रभेचे पाणी पुढे कितीतरी गावे पितात.

आणखी एका गोष्टीकडे आपले, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांचे, लक्ष वेधावेसे वाटते. या पट्ट्यातली तरुण मुले कामासाठी गोव्याला, बेळगावला, पुण्याला गेली आहेत. घरात उरतात ती दोन म्हातारी माणसे आणि एक म्हातारा कुत्रा. सकाळी त्याच्यासाठी उठायचे, त्याच्यासाठी भाकरीचा एक तुकडा अधिक भाजायचा, संध्याकाळी त्याच्याबरोबर बांधापर्यंत जाऊन यायचे, यावर त्यांचा दिवस उभा असतो. तो गेला की आजोबांचे चालणे थांबते, आजींचे जेवण कमी होते, आणि आपण मात्र साखर का बिघडली याचा शोध घेत राहतो. "कुत्र्यासाठी काय रडायचे" असे लोक म्हणतील म्हणून ते आपल्याला सांगतही नाहीत. वृद्ध रुग्णाला घरच्या माणसांविषयी विचारताना "कुत्रा कसा आहे?" एवढे विचारायला अर्धे मिनिट लागते.

शेवटी आपल्या संघटनेपुढे तीन सूचना ठेवतो. वर्षातून एक सभा पशुवैद्यकांसमवेत घ्यावी. रेबीज, गोचीडताप, वेदनाशमन हे दोघांचेही विषय आहेत. खेड्यांत आरोग्य शिबिर भरेल तेव्हा एका कोपऱ्यात पशुवैद्याचे टेबल असावे आणि तेथे लसीबरोबर म्हाताऱ्या जनावरांची तपासणीही व्हावी. तालुक्यातील पशुवैद्यांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात लावलेले असावेत. या तिन्ही गोष्टींना इच्छेखेरीज फारसे काही लागत नाही.

डॉक्टर बंधू-भगिनींनो, आपल्या रुग्णांपैकी पुष्कळांनी दहा-बारा वर्षे निर्धास्त झोप घेतली, ती दाराशी कोणी जागे होते म्हणून. त्या जागरणाचे देणे फार मोठे नाही. कोरडी पोती, मऊ भात, वेळेवर तपासणी, आणि वेळ आली की पाठ न फिरवणे, एवढेच ते आहे. ते फेडण्यास आपल्या शब्दाने चार घरे जरी उद्युक्त झाली तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे मी मानीन.